बाहेरगावच्या बालकाची दरखास्त

मुक्काम धाराशिव

पुणे, मुंबई व सोलापूर या शहरांतील सार्वजनिक उद्यानांचे अधीक्षक, प्राणिसंग्रहालयांचे संचालक आणि वस्तुसंग्रहालयांचे अभिरक्षक यांस,



आपली-माझी ओळख नाही आणि ती होण्याचा संभवही थोडाच. कारण आपण ज्या दालनांत बसता तेथवर माझ्यासारख्या बाहेरगावच्या इसमाची मजल जात नाही, आणि मी ज्या फाटकापाशी ताटकळत उभा असतो तेथे आपले येणे बहुधा उद्घाटनाच्या दिवशीच होते. उभी हयात मी महसूल खात्यात काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. लोकांच्या दरखास्ती वाचाव्या, त्यांवर शेरा मारावा आणि त्या पुढच्या टेबलाकडे रवाना कराव्या, हा माझा शिरस्ता. आज दरखास्त लिहिण्याची पाळी माझ्यावर आली आहे. आणि ती मी स्वतःसाठी नव्हे, तर अद्याप धड अक्षरओळखही न झालेल्या माझ्या नातीच्या वतीने, किंबहुना सुट्टीच्या दिवसांत थोरांचे बोट धरून आपल्या शहरात एका दिवसापुरती येणाऱ्या आणि रात्रीच्या गाडीने परत फिरणाऱ्या तिच्यासारख्या सगळ्याच बालकांच्या वतीने लिहीत आहे.

इतक्या दुरून यायचेच कशाला, असे आपण विचाराल. आमच्या मुलखात पाहण्याजोगे काही नाही अशातला भाग नाही. येडशीजवळ रामलिंगाच्या घाटात पावसाळ्यात धबधबा कोसळू लागला म्हणजे पोरांना दुसरे काही लागत नाही. तेथल्या वानराने हातातले केळे पळवले तर घटकाभर रडून झाल्यावर तोच प्रसंग त्यांना वर्षभर सांगायला पुरतो. नळदुर्गाला दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दीत बोरी नदीवर जो बंधारा घातला, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे, आणि नदीला पाणी असताना तेथे उभे राहून समोर कोसळणारा प्रवाह पाहण्याचे सुख मोठमोठ्या शहरांच्याही नशिबी नाही. ग्रीक प्रवासवर्णनांत तगर म्हणून ज्याचा उल्लेख येतो ते तेर तर आमच्या अगदी जवळ. तेथील संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या मूर्ती जपून ठेवल्या आहेत आणि त्या पाहून माझ्या नातीने, इतक्या जुन्या बाहुल्यांशी खेळणाऱ्या मुली आता कुठे गेल्या, असा बिकट प्रश्न मला घातला होता.

पण चित्रांच्या पुस्तकात हत्ती, वाघ आणि मगर पाहिलेल्या मुलाला ती जनावरे खरोखरच हलतात की काय याची खात्री करून घ्यावीशी वाटते, आणि ती करून देणे आमच्या जिल्ह्याच्या आवाक्यातले नाही. शिवाय आणखी एक कारण आहे, ते अधिक रोकडे. आमच्या भागातली कर्ती पिढी पोटापाण्यासाठी आपल्या शहरांत आली आहे. हडपसर, चाकण, पिंपरी-चिंचवड या बाजूला ज्या चाळी आणि ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या बिऱ्हाडांत धाराशिव, लातूर, बीड इकडची माणसे किती आहेत हे तेथल्या किराणा दुकानदाराला विचारावे. आईबाप कामावर, मूल आजोळी किंवा आजा-आजीपाशी. आणि सुट्टी लागली की त्या मुलाला त्याच्या आईबापांच्या शहरात घेऊन जाणे हे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांचे काम. तेव्हा हे बालक आपल्याकडे केवळ पाहुणे म्हणून येत नाही. त्याच्या बापाच्या श्रमावर आपले शहर चालते.

माझ्या वडिलांनीही मला असेच नेले होते. पुण्याच्या पेशवे उद्यानात 1956 साली फुलराणी ही लहानगी आगगाडी सुरू झाली. तिची कीर्ती आमच्या कसब्यापर्यंत पोचल्यावर त्यांनी मला येडशीच्या स्टेशनावर बार्शी लाईटच्या अडीच फुटी रुळांवरील गाडीत बसवले, कुर्डुवाडीस मोठी गाडी धरली, आणि अंगावर कोळशाची काजळी घेऊन आम्ही पुण्यास उतरलो. प्रामाणिकपणे सांगायचे तर फुलराणी पाहून मी फारसा चकित झालो नाही. ज्या गाडीतून आलो तिच्याहून ती थोडीच लहान, असे माझ्या बालबुद्धीला वाटले. पण त्या उद्यानात एका झाडाखाली वडिलांनी भाकरीचे फडके सोडले, मला जेवू घातले आणि तेथेच मांडीवर डोके घेऊन निजवले, हे मला स्पष्ट आठवते. त्या वेळी आम्हांला कोणी उठवले नाही. नंतर त्या उद्यानातली जनावरे कात्रजला नव्या प्राणिसंग्रहालयात गेली. तेथली जागा ऐसपैस आहे, जनावरांना ती मानवली आहे, आणि या बदलाविषयी माझी काडीइतकीही तक्रार नाही. माझी तक्रार माणसाच्या पिल्लाला आपण जी वागणूक देता तिच्यापुरती आहे.

आता मूळ बाब. हल्ली रुंद रुळांची गाडी खुद्द धाराशिवात येते. रात्री उशिरा लातूरहून येणारी गाडी धरली की पहाटे पुणे आणि सकाळी मुंबई, आणि परतीची गाडी पुन्हा रात्रीची. त्यामुळे आमचा शहरातला दिवस सूर्य उगवण्यापूर्वी सुरू होतो आणि जेवणवेळ टळून गेल्यावर संपतो. लॉजची खोली घ्यावी तर एका दिवसाच्या सहलीत ती परवडत नाही. नातलगाच्या एका खोलीच्या बिऱ्हाडात, रात्रपाळी करून निजलेल्या माणसाच्या उशाशी दुपारभर मूल खेळवीत बसावे, तर तेही प्रशस्त वाटत नाही. म्हणजे भर दुपारचे चार-पाच तास, जेव्हा मूल पेंगुळते, चिडते आणि त्याला सावली, पाणी व अंग टाकण्यापुरती जागा यांखेरीज जगात काही नको असते, तेव्हा आम्हांला थारा देऊ शकेल अशी एकच सरकारी मिळकत शहरात असते आणि ती म्हणजे उद्यान. नेमक्या त्याच वेळी पुण्यातील बहुतेक उद्यानांची फाटके बंद असतात. सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी ती उघडतात, सायंकाळी पुन्हा उघडतात, आणि मधल्या प्रहरात त्यांना साखळी.

अशाच एका फाटकाच्या गजांतून मी पाहिलेले दृश्य आपल्यापुढे ठेवतो. आत वडाची गर्द सावली, सावलीत पंचा पसरून निजलेला माळी, त्याच्या उशाला नळ, नळाखाली साचलेल्या पाण्यात आंघोळ करणाऱ्या दोन साळुंक्या. बाहेर तापलेल्या पदपथावर माझी सून, तिच्या खांद्यावर घामेजलेली, अर्धवट झोपेत मुसमुसणारी पोर, आणि शेजारी पिशवी सांभाळीत मी. त्या माळ्याच्या विश्रांतीबद्दल मला असूया नाही. पहाटेपासून राबलेला माणूस तो. परंतु त्या वडाची सावली एकट्याला पुरून उरण्याइतकी मोठी होती.

या मज्जावाची कारणे मी चौकशी करून घेतली. एक कारण देखभालीचे सांगतात. ते मला पटते, पण देखभाल एका बाजूची आटोपून दुसऱ्या बाजूची करता येते. दुसरे कारण सांगताना पहारेकरी थोडा खाकरला आणि मग म्हणाला की, दुपारी जोडपी येऊन बसतात. म्हणजे तरुण-तरुणींनी एका बाकावर बसू नये एवढ्यासाठी हा सारा बंदोबस्त, आणि त्याचा जाच मात्र दोन-चार वर्षांच्या अर्भकांना! ज्या जोडप्याला आज आपण बाकावरून उठवता, तेच आणखी काही वर्षांनी मूल कडेवर घेऊन त्याच फाटकाशी येणार आहे, याचा विचार हा हुकूम काढणाऱ्याच्या मनात आला असता तर बरे झाले असते.

परिणाम काय होतो तोही पाहा. उद्यान मिटलेले, संग्रहालयात बसायला जागा नाही, म्हणून घरातले जाणते कोणीतरी सुचवते की मॉलमध्ये जाऊ. तेथे दुपारी मज्जाव नाही, गारवा आहे, पाणी आहे, स्वच्छ शौचालय आहे, मुलाला बदलायला आडोसादेखील आहे. सावकाराने गरजवंताला ओसरीवर बसवून घ्यावे तशीच ही आपुलकी. तेथून रिकाम्या हाताने निघताना मुलाची समजूत काढण्यात जी शक्ती खर्ची पडते ती आम्हीच जाणतो. माझ्या नातीला आपल्या शहरातले सर्वांत अद्भुत काय वाटले, असे कोणी विचारले तर ती सरकता जिना असे सांगते. हे ऐकून मला वाईट वाटते, आणि आपल्यालाही वाटावे अशी माझी अपेक्षा आहे.

साप्ताहिक सुट्टीविषयी मी फार लिहीत नाही. कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, मुंबईची राणीची बागही बुधवारी बंद. हैदराबादचे सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद तर तेथले प्राणिसंग्रहालय सोमवारी. जनावरांना आणि त्यांच्या राखणदारांना आठवड्यातून एक दिवस उसंत हवी हे न्याय्यच आहे. परंतु ही वार्ता आपल्या फाटकावरच्या पाटीपुरतीच राहते, आणि ती पाटी वाचण्यासाठी आम्हांला अडीचशे किलोमीटर यावे लागते. धाराशिव, तुळजापूर, बार्शी, लातूर येथल्या एस.टी. स्थानकांवर आणि रेल्वेच्या तिकीट खिडकीशेजारी एक छापील जाहीरनामा डकवण्यास असा किती खर्च येणार आहे? मोबाईलवर सगळे कळते, असे माझा मुलगा म्हणतो. पण मोबाईल पाहणारा कामावर असतो आणि मुलाला घेऊन निघालेली असते त्याची आजी.

आता शिदोरीचा मामला. प्लॅस्टिकच्या पिशव्या आत नेऊ नयेत हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, आणि जनावरांना कोणी काही खायला घालू नये हेही. पण ज्वारीचे धपाटे, शेंगाची चटणी आणि मुलापुरता दहीभात असा कापडात बांधलेला डबा फाटकावर उघडून पाहणे आणि ‘हा बाहेर ठेवा’ म्हणून फर्मावणे, यात कोणाचे हित साधते? बाहेर म्हणजे कुठे, याचे उत्तर त्या सुरक्षारक्षकापाशी नसते. आत गेल्यावर मात्र कागदी तबकात वडे आणि फुगलेल्या पुड्यांत बटाट्याचे काप विकायला ठेवलेले असतात. जनावरांना त्यांची भुरळ पडत नाही आणि धपाट्यांची पडते, असा काही शास्त्रीय निष्कर्ष असल्यास तो कळावा. माझे मागणे माफक आहे. फाटकालगत एक पडवी असावी, तिला पत्र्याचे का होईना छप्पर असावे, खाली फरशी, कडेला पिण्याच्या पाण्याचा नळ. तेथे माणसांनी जेवून घ्यावे, हात धुवावे आणि त्याच तिकिटावर पुन्हा आत जाण्याची मुभा असावी. लहान मूल सलग तीन तास काहीही पाहत नाही. अर्धा तास पाहते, मग त्याला भूक लागते, मग लघवीला लागते, मग झोप येते आणि मग पुन्हा वाघ आठवतो. एकदा बाहेर पडला की नवे तिकीट, हा कायदा करणाऱ्याने चार वर्षांच्या मुलाबरोबर एक दिवस काढलेला नसावा.

लघवीचा उल्लेख आलाच आहे तर संकोच सोडून लिहितो. मुलाने सांगितल्यापासून पुढे आपल्याला जी मुदत मिळते ती फार अल्प असते, आणि विस्तीर्ण उद्यानाच्या एका टोकाला असलेले शौचालय त्या मुदतीत गाठणे तरण्याबांड माणसालाही साधत नाही. अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईची अडचण तर याहून बिकट. राज्यातील एस.टी. स्थानकांवर हिरकणी कक्ष काढण्याची कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला माझा दंडवत. मात्र अशा एका कक्षाला लागलेले कुलूप आणि त्याच्या किल्लीचा माग काढीत या खिडकीवरून त्या खिडकीकडे फिरणारी माझी सून पाहताना मला वाटले की, तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या त्या आख्यायिकेतल्या गवळणीला निदान किल्ली तरी शोधावी लागली नव्हती. आपल्या उद्यानांत व संग्रहालयांत तर असा कक्ष मला क्वचितच दिसला. एका नामांकित दालनात आमच्या घरच्या लेकीने जिन्याखालच्या केरसुण्यांच्या कोपऱ्यात, पदराचा आडोसा करून बाळाला पाजले, आणि दोन्ही बाजूंनी आम्ही म्हातारी माणसे भिंतीसारखी उभी राहिलो.

वयाच्या बाबतीत तर मी एकाच इसमाची तीन दप्तरांत तीन वये पाहिली. पाच वर्षांखालील मूल एस.टी.त फुकट, रेल्वेतही फुकट. पण आपल्याकडे कुठे तीन वर्षांनंतर तिकीट, कुठे वय न विचारता भिंतीवरच्या रेघेशी उभे करून उंची मोजतात. उंच बापाच्या पोरीने याचा भुर्दंड का सोसावा? एकच नियम ठरवावा आणि तो एस.टी.चा असावा, कारण तो आमच्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे.

ज्या गोष्टीचा मला सर्वांत अधिक विषाद वाटतो ती आता सांगतो. इतका प्रवास करून, रांगेत उभे राहून, सर्व नियम पाळून आम्ही त्या काचेपाशी किंवा कठड्यापाशी पोचतो, आणि तेथे ध्यानात येते की हे सारे साडेपाच फूट उंचीच्या प्रेक्षकासाठी रचलेले आहे. कठड्याची वरची दांडी बरोबर नातीच्या नाकावर येते. ती टाचा उंचावते, दांडीखालून वाकून पाहते, आणि मग माझा सदरा ओढून म्हणते, ‘आबा, मला दिसंना की!’ मी तिला उचलतो, माझ्या कंबरेची मुदत संपली की तिला खाली ठेवतो, पुन्हा उचलतो. माहितीची पाटी त्याहूनही वर, अक्षरे बारीक, आणि मराठी मजकूर असलाच तर इंग्रजीच्या खाली. एक लाकडी पायरी, हातभर रुंद आणि वीतभर उंच, सुताराच्या एका दिवसाच्या मजुरीची, प्रत्येक काचेपुढे ठेवली असती तर नातीला दिसले असते आणि मला चार पावले अधिक चालता आले असते.

हे अशक्य आहे असे कृपया म्हणू नका, कारण ज्यांनी हे जाणले अशा संस्था याच देशात आहेत. आमचा जिल्हा पूर्वी निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे वाडवडिलांची धाव हैदराबादकडे असे. तेथल्या सालारजंग संग्रहालयात एक वाद्यघड्याळ आहे. तास भरला की त्यातून एक चिमुकली आकृती बाहेर येते आणि टोले देऊन आत जाते. एवढ्यासाठी लोक आधीपासून येऊन बसतात आणि संग्रहालयाने त्यांच्या बसण्याची तजवीज केली आहे. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात 1985 पासून मुले यंत्रांना हात लावतात, कळा दाबतात, चाके फिरवतात, आणि कोणी त्यांच्यावर शिट्टी फुंकत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 साली आपल्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. बालकाला काय हवे असते हे समजण्यासाठी विलायतेस जाण्याचेही कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात अंगणातल्या खडे-शिंपल्यांवर बालवाडी चालवून ते आपल्याला केव्हाच दाखवून दिले आहे. मुलांच्या उंचीचे सामान हवे, हा त्यांच्या शिक्षणपद्धतीतला अगदी प्राथमिक धडा होता.

आमच्या जिल्ह्यात सर्व आलबेल आहे असा माझा दावा नाही. येथल्या एका गडावर कठडा नसलेल्या तटाशी मुलांचे हात घट्ट धरून उभ्या असलेल्या आया मी पाहिल्या आहेत, आणि त्याविषयीची निराळी दरखास्त मी योग्य त्या कचेरीत दाखल केली आहे. तिच्यावर काय शेरा पडला ते अद्याप समजलेले नाही. मी स्वतः सरकारी लिखापढीत आयुष्य घालवल्यामुळे मला त्याचे नवलही वाटत नाही.

आपण नवा निधी मागावा, समिती नेमावी, आराखडे करावेत, अशी माझी सूचना नाही. त्या मार्गाने नात शाळा संपवून नोकरीला लागेल. येत्या उन्हाळी सुट्टीपुरते, म्हणजे मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत, उद्यानांची फाटके दुपारी उघडी ठेवावीत, डबा आत नेऊ द्यावा, आणि काचांपुढे लाकडी पायऱ्या ठेवाव्यात, एवढीच माझी विनंती आहे. काही गैर घडले, हिरवळ नासली किंवा बंदोबस्तावर ताण पडला, तर सुट्टी संपल्यावर पूर्वीचा शिरस्ता खुशाल चालू करावा. मी हरकत घेणार नाही. यासाठी मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहण्याचेही कारण नाही, कारण फाटकाची किल्ली आपल्याच कचेरीत असते. तरी या दरखास्तीवर सुट्टी लागण्यापूर्वी अनुकूल हुकूम व्हावा.



आपला नम्र,
एक निवृत्त अव्वल कारकून
धाराशिव